साकीनाक्याच्या गाळ्यातला क्लोन

आधीच सांगतो, या ग्रुपवर मी येतो तो तुमच्या भुताखेतांच्या अनुभवांतली खोट काढायला. कुणाला गच्चीवर पांढरी साडी दिसली की मी विचारतो, दोरीवर वाळत होती का? दार आपोआप उघडलं म्हटलं की सांगतो, बिजागरी बघा. दोन-तीन जणांनी तर मला चिडून ब्लॉक केलंय. त्यामुळे आज माझीच पोस्ट बघून तुम्ही हसणार... हसा. मीही हसलो असतो.

मी राहतो विक्रोळीला, अंधेरीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. माझ्या मामीचा साकीनाक्याला गाळा आहे. तिथे गॅस्केट कापतात – म्हणजे पंपांच्या, पाइपांच्या सांध्यात बसवायच्या रबरी चकत्या. कापायचं मशीन एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चालतं आणि त्यात मामाने आयुष्यभर काढलेले सगळे पॅटर्न आहेत. गिऱ्हाईक फोनवर नुसतं पंपाचं नाव सांगतं, मामी पॅटर्न उघडते, मशीन कापतं. इतक्या जुन्या पंपांचा माल दुसरीकडे सहसा मिळत नाही, म्हणून तर गाळा चाललाय. मामा गेला तेव्हा आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की मामी आता गाळा विकून मालवणला जाणार. बाई मशीन चालवायला शिकली! तोवर तिने माउसला हातसुद्धा लावला नव्हता.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला.

"संजू, कॉम्प्युटर आतसून टकटक करता हा रे."

टकटक म्हणजे हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, सॉफ्टवेअर पुन्हा मिळणार नाही. नुसत्या फाइल्स कॉपी करूनही भागणार नव्हतं. अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवायला हवी, अशी की जुनी काढून नवी लावली तरी कॉम्प्युटर तसाच सुरू व्हावा. याला क्लोन म्हणतात. तो झाला नाही तर मामीचा गाळा बंद... इतकं सरळ होतं.

शनिवारी सकाळी मी त्याच साइझची नवी कोरी डिस्क आणि ऑफिसातला डॉक घेऊन गेलो. डॉक म्हणजे टोस्टरसारखा दिसणारा डबा. दोन खाचा, एक बटण. डाव्या खाचेतल्या डिस्कवरचं सगळं उजव्या खाचेतल्या डिस्कवर जातं आणि उजवीवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं. काही विचारत नाही, अक्कल शून्य.

"थांब, आदी गाऱ्हाणा घालूया," मामी म्हणाली.

आमच्या कोकणात कामाला हात घालण्याआधी देवाला मोठ्याने विनवतात, ते गाऱ्हाणं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. मामीने डॉक पाटावर ठेवला, पुढे नारळ ठेवला, जास्वंद वाहिली.

"जुनी उजव्या हाताक ठेव रे. थोरल्याचो मान."

मी हसत जुनी उजवीकडे खोचली, नवी डावीकडे. म्हटलं, पूजेपुरतं असू दे, बटण दाबायच्या आधी बदलू. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला एक फोटोही काढला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो आमचो भाचो जुन्यातला नव्यात उतरवूक बसलोसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाळ्यातले कामगार ओरडले.

"एक पॅटर्न हरवता नये. आनी कोणाच्या हातसून उलटा झाला आसात, तर ता सुलटा करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" त्या भरात मीही ओरडलो, नारळ फुटला... आणि मी बटण दाबलं.

चहा पिऊन झाला. डॉकवरचा तिसरा दिवा लागला, म्हणजे बहुतेक काम झालेलं. मी कौतुकाने वाकून पाहिलं तर उजव्या खाचेत मामाच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली जुनी डिस्क. मी बदलायला विसरलो होतो! कोरी डिस्क मामाच्या आयुष्यभराच्या कामावर उतरत होती. आता थांबवून काही परत येणार नव्हतं.

लपवण्यात अर्थ नव्हता, तिथेच सांगून टाकलं.

"मामी, मी उलटं लावलं. सगळं पुसलं गेलं गं."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"रडतंस कित्याक? थय गोणीत जुने नमुने आसत. ओत भुईर."

गोणीभर गॅस्केट जमिनीवर ओतल्या. मामीने पदर खोचला, फूटपट्टी आणि कंपास घेतला आणि पहिली चकती मोजायला बसली. आकडे सांगताना आवाजसुद्धा हलला नाही.

"मामान पयलो पॅटर्न असोच काढलेलो, भुईर बसान," ती म्हणाली, "आता मी काढतंय."

मी आकडे लिहीत होतो, अक्षर मलाच लागत नव्हतं. तिकडे डॉकवरचे सगळे दिवे लागले. रिकामी डिस्क कॉम्प्युटरला लावून कोण बघतं? पण मला स्वस्थ बसवेना. डावीकडची, नवी, मी लावली.

कॉम्प्युटर सुरू झाला. रोजच्यासारखा. सगळे पॅटर्न जागच्या जागी.

मामीने एक पॅटर्न उघडला, मशीनवर चकती कापली, जमिनीवरच्या नमुन्यावर ठेवली. तंतोतंत. तेव्हा मात्र तिने डोळ्यांना पदर लावला. मीही रडलो, लाज कसली!

आता माझ्यासारख्या खोट काढणाऱ्यांसाठी. डॉक उलटा जोडलेला होता? नंतर कितीतरी डिस्क घालून पाहिल्या, तो डावीकडून उजवीकडेच कॉपी करतो. मी मध्ये डिस्क बदलल्या? फोटोत जुनी उजवीकडे आहे आणि तिसऱ्या दिव्यालाही ती तिथेच होती. जुनीवर काही शिल्लक होतं? डेटा परत मिळवणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी. म्हणजे कॉपी उलटीच झाली. मग नवीवर आलं कुठून? ऑफिसातल्या सिनियरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सुट्टी घे यार."

मामीला यात काही विशेष वाटत नाही. त्या दिवशी सगळं मिळाल्यावरही ती पुन्हा खाली बसली आणि हातातली चकती मोजून पुरी केली. मला म्हणाली, "जेवून जा."

नवी डिस्क कशी भरली, मला अजून कळलेलं नाही. आणि तुझं सगळं गेलं असं मी जिच्या तोंडावर सांगितलं, त्या बाईने पुढच्याच मिनिटाला फूटपट्टी कशी उचलली, तेही नाही.