पहिले भ्याव सांग

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात काउंटरवर होते. धुळ्याच्या विमा शाखेत गुरुवारी गर्दी असते, समोर एक आजोबा पॉलिसीचा कागद उलटा धरून उभे होते. जळगावहून नानांच्या सुनेचा, सुनंदावहिनींचा फोन. "मंगलताई, नाना गेले हो... सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि तिथेच." मी "अरे देवा" म्हटलं असेन, आणखीही काहीबाही बोलले असेन. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलंच नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की आता रेवाच्या फॉर्मचं काय? रेवा म्हणजे माझी मुलगी, यंदा बारावी झालेली. इंजिनिअरिंगचा पसंतीक्रम भरायला सोमवारपर्यंत मुदत होती, नानांनी आम्हाला रविवारी बोलावलं होतं, आणि नाना गुरुवारीच निघून गेले. माझे हातपाय गार पडले ते नाना गेले म्हणून, की आता सगळं मला एकटीला ठरवावं लागणार म्हणून, हे आज सात आठवड्यांनीही मला नीट सांगता येत नाही. याची लाज वाटते. पण लिहायला बसलेच आहे तर खरं लिहावं.

नाना कोणी प्राध्यापक नव्हते. मूळचे धरणगावचे, जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ब्युरेट धुणं, ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करणं हे त्यांचं काम. माझं माहेर जळगावचं, आमच्या गल्लीत आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. बारावीचे निकाल लागले की त्यांच्या ओट्यासमोर चपलांचा ढीग पडायचा. चोपड्यापासून पारोळ्यापर्यंतची माणसं पोरांना घेऊन यायची, आता ह्यानं काय घ्यावं, सांगा. प्राध्यापक सोडून लोक सहायकाकडे का येत, असं मी एकदा विचारलं होतं. नाना म्हणाले, "ते पोरांचे पेपर पाहतात, मी पोरांले काम करताना पाहस." त्यांची एक ठरलेली रीत होती. आलेल्या पोराला ते आधी चहा आणायला पिटाळत, कोपऱ्यावरच्या हॉटेलात, जिथे हटकून उशीर होतो. पोरगा गेला की बापाकडे, नाहीतर आईकडे वळून विचारत, "आते बोल. पहिले भ्याव सांग. तुले कसानं भ्याव वाटस?" पोराला काय आवडतं ते पोरगा सांगेलच, पण त्याची निम्मी आवड घरच्यांच्या भीतीतून आलेली असते, ती भीती आधी बाहेर काढावी लागते, असं त्यांचं म्हणणं. चोपड्याचा एक केळीवाला शेतकरी मला आठवतो. पोराला मार्क कमी पडले, झेपणार नाही, असं तो बराच वेळ सांगत बसला होता. नाना नुसते बघत राहिले. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, पोरगा शिकना तर तठेच र्‍हाई जाई. आन् मी आठे एकला. दुसरं काय बी नही." नाना म्हणाले, "मंग तसं सांग ना पोराले. मार्कांवर कसाले ढकलस?" तो मोठा मिशीवाला माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता आणि मी खिडकीतून बघत होते. मला तेव्हा गंमत वाटली होती.

माझी पाळी आली तेव्हा गंमत वाटली नाही. मी बारावीला त्याच कॉलेजात होते आणि मला रसायनशास्त्राचं वेड होतं. टायट्रेशन करताना ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचे, आणि एका थेंबाला खालच्या पाण्यावर इतका फिका गुलाबी रंग येतो की आला की नाही याची शंका यावी. तिथे थांबायचं. पुढचा थेंब पडला की गेलं. मला तो थेंब बरोबर सापडायचा. नाना इतर मुलांना सांगायचे, मंगीचा हात बघा. मला बी.एस्सी. करायचं होतं, पुढे एम.एस्सी., पुढे कुठली तरी प्रयोगशाळा... त्यापुढचं मला माहीत नव्हतं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते आणि हृदयाचे दुखणेकरी. ते मला घेऊन नानांकडे गेले. नानांनी मला चहाला पिटाळलं, आणि मी गेले नाही, दाराआड उभी राहिले. अण्णांचा आवाज फार हळू आला. "मी लवकर गेलो तर पोरीनं कोणाच्या दारात उभं राहू नये, नाना. एवढंच." मग नानांनी मला हाक मारली, मी रिकाम्या हातानं आत आले, ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. म्हणाले, "मंगे, कॉमर्स घे. नोकरीनी परीक्षा देई ठेव. तुना बापनं भ्याव खरं शे." मी कॉमर्स घेतलं. पदवी झाली तशी विम्यात नोकरी लागली आणि पुढच्याच वर्षी अण्णा गेले. त्या पगारावर आईचं आणि धाकट्या भावाचं सगळं झालं. म्हणजे नाना बरोबर होते. कोणी काही म्हणो, बरोबरच होते. तरी या नोकरीत एकही सोमवार मी आनंदानं उजाडलेला पाहिला नाही, आणि हेही तितकंच बरोबर आहे.

रेवाला जिऑलॉजी हवं होतं. याचं मूळ साक्रीकडच्या आमच्या शेतात आहे. माझे दीर तिथे शेती करतात. त्यांनी पाणाड्या आणला, त्यानं तळहातावर नारळ ठेवून सगळं शेत पालथं घातलं, नारळ उभा राहिला तिथे बोअर मारली, कोरडी. दुसरी मारली, तीही कोरडी. तिसऱ्या वेळी दिरांनी शहाणपणा करून एका भूजलतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्या पेटीसारखं यंत्र, लोखंडी सळ्या आणि वायरची भेंडोळी घेऊन आल्या. सुट्टीत तिथे असलेल्या रेवानं दिवसभर त्यांची वायर ओढली. संध्याकाळी पोरगी काळीठिक्कर पडून आली आणि बोलायची थांबेना. खाली दगडाचे थर कसे असतात, कुठल्या थरात पाणी अडकतं, कुठून निसटतं... बाईंनी सांगितलं त्या जागी पाणी लागलं, फार नाही, पण लागलं. मी त्या बाईंना पोटापाण्याचं विचारलं होतं, मला दुसरं सुचतच नाही. त्या हसून म्हणाल्या, "उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसते, पावसाळ्यात फोन वाजत नाही." रेवानं यातला पहिला अर्धा ऐकला आणि मी दुसरा. तिला बारावीला मार्क चांगले पडले, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळण्यासारखे. तिला हवं ते जिऑलॉजीचं बी.एस्सी. नाशिकच्या कॉलेजात, तिथे इंजिनिअरिंगचा हा फॉर्म लागत नाही, नुसता दाखला नेऊन द्यायचा. माझे यजमान, विलास, म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा." असं म्हणणारा माणूस घरात असला की भीती सगळी एकाच माणसाच्या वाट्याला येते.

नाना जाण्याआधीच्या रविवारी आम्ही दोघी जळगावला गेलो. नाना फार वाळले होते, पण रीत तीच. रेवाला चहाला पाठवलं आणि माझ्याकडे वळले. मी तयारीनं गेले होते. त्या विषयात नोकऱ्या किती, मुलीच्या जातीनं रानोमाळ हिंडायचं, उद्या सासरचे काय म्हणतील, सगळं एका दमात म्हणून दाखवलं. नाना म्हणाले, "हे बठ्ठं मोबाइलवरलं शे. तुनं सांग." खरंच मला माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि तोंडातून निघत नव्हतं... मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांना आपण सल्ला दिला त्यांच्यातल्या एकदोघांना ते दरसाल दुरून पाहून येत. कोणाच्या दुकानासमोर, कोणाच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहून, ओळख न देता. "चुकनू का काय, हे भ्याव माले बी शे ना," ते म्हणाले. धुळ्याला माझ्या शाखेसमोरही ते एकदा येऊन गेले होते. काचेतून मी दिसले. "मग आत का नाही आलात?" मी विचारलं. "तुनं तोंड पाहं," नाना म्हणाले, "अन् माघारी फिरनू." मग अगदी हळू विचारलं, "मंगे, तुनं मी बराबर करं ना?" आणि मी, लोकांना दिवसभर खोटं हसून दाखवायची सवय असलेली बाई, हसले आणि म्हणाले, "नाना, कायमची नोकरी आहे, आणखी काय पाहिजे?" ते हसले नाहीत. तेवढ्यात रेवा चहा घेऊन आली. तिला म्हणाले, "येत्या रविवारी ये. तोवर तुनी आईले अभ्यास शे."

तो अभ्यास मी केला नाही. उलट, नाना गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत मी कोणाला न सांगता कॉम्प्युटर सेंटरवर गेले. रेवाच्या फॉर्मला मोबाइल नंबर माझा, त्यामुळे कुलपाची किल्ली माझ्याच हातात. मी पसंतीक्रमात कॉम्प्युटर एक नंबरवर टाकायला लावलं. तिथल्या माणसानं दोनदा बजावलं, "मॅडम, पहिल्या नंबरचं मिळालं की तेच घ्यावं लागतं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. कन्फर्म करू?" माझ्या पर्समध्ये रेवाचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला होता. तो एकच असतो. या कॉलेजात दिला की त्या कॉलेजात देता येत नाही. पर्स पोटाशी धरून मी उभी होते. मोबाइलवर ओ.टी.पी.चे आकडे आले, माणूस थांबला होता, मी म्हणाले, "सोमवारी येते." सोमवारी हाच क्रम कायम करायचा, रेवाला नंतर सांगायचं, ती रडेल आणि मग सवय होईल, मला झाली तशी... हे सगळं मी ठरवलं होतं.

रविवारी आम्ही दोघी जळगावला दारावर, म्हणजे सांत्वनाला, गेलो. ओट्यावर सतरंज्या, पुरुष बाहेर, बायका आत. रडणं ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं की बसलेल्यांत तीन-चार जण आपल्या पोरांना घेऊन आलेत आणि त्यांच्या पिशव्यांतून गुणपत्रिकांच्या प्लास्टिकच्या फाइली डोकावतायत. दारावर कोणी फाइल घेऊन येतं का? पण तेही माझ्यासारखेच. शेवटच्या तारखेच्या तोंडावर एका म्हाताऱ्याच्या भरवशावर राहिलेले, आता विचारायला कोणी नाही म्हणून नुसते बसलेले. एकमेकांकडे बघायचं टाळत होतो आम्ही. नानांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

परतीच्या एस.टी.त एरंडोल गेल्यावर मी रेवाला शुक्रवारचं सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ही आता पुढच्या थांब्यावर उतरेल. आणि त्या भीतीनंच बहुतेक, दुसरं तोंडातून निघालं. "तू उपाशी राहशील याची मला भीती नाही गं," मी म्हणाले. "मला भीती आहे की तुला ते आवडेल. रोज सकाळी आनंदानं उठून जाशील. आणि ते बघताना मला रोज दिसेल, माझं काय गेलं ते." शेजारचा माणूस वर्तमानपत्र खाली करून बघू लागला, बघेना का. पारोळा आलं तेव्हा तिनं विचारलं, "आणि आई, मला नाही आवडलं तर? मी फक्त एकच दिवस वायर ओढलीय." तिचा हात माझ्या हाताहून गार होता. इतके दिवस मी तिला हट्टी समजत होते. "माहीत नाही," मी म्हणाले. "घाबरू आपण तेव्हा. आत्ताचं आत्ता बघू."

सोमवारी मी सेंटरवर गेले नाही. मुदत संपायची वेळ ऑफिसच्या घड्याळात बघत बसले आणि ती टळून गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन ओकले. मंगळवारी नाशिकच्या कॉलेजच्या खिडकीत दाखला दिला. खिडकीमागच्या बाईंनी तो फाइलला लावला, भोक पाडायच्या आवाजानं मी दचकले.

परवा दुपारी डबा उघडला आणि रेवाचा फोन आला. त्यांना कुठल्याशा टेकडीवर नेलं होतं. "आई, दगड बाहेरून नुसता मातकट असतो, पण हातोडीनं फोडला ना, की आतून एकदम ताजा दिसतो... मी सहा तास उन्हात उभी होते, कळलंच नाही!" तिचा श्वास पुरत नव्हता. आणि ज्याला मी घाबरले होते तेच झालं. घास तोंडात फिरू लागला, काचेपलीकडची माणसं पुसट झाली. नाना आज समोरच्या फुटपाथवर असते तर त्यांना सांगितलं असतं, की तुम्ही बरोबर केलंत, आणि त्या रविवारी मी हसले ते खोटं होतं. रस्त्यावर नुसत्या रिक्षा होत्या. "आई, ऐकतेयस ना?" रेवानं विचारलं.

"ऐकतेय," मी म्हणाले. "पुढे सांग."