देव्हाऱ्यातला हिरवा डोंगर

दारावरची बेल वाजली की आमच्या शेजारचे ड्रॉइंगचे सर आधी शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि म्हणायचे, “आला बहुतेक!” डोंबिवलीत आमचं दार त्यांच्या दाराला लागून, त्यामुळे बेल वाजवणारी बहुतेक मीच असायची.

ते वाट बघायचे एका चिनी दातांच्या डॉक्टरची. चित्रकला शिकताना सर माझगावला त्याच्या दवाखान्याच्या वर राहायचे. बासष्टच्या लढाईत त्याला अचानक मुंबई सोडावी लागली. जाताना त्याने टेबलावरची एक वस्तू सरांच्या हातात दिली. हिरव्या जेड दगडात कोरलेला वीतभर डोंगर, पाच शिखरांचा, त्याच्या पणजोबांचा. लिहिता लिहिता ओला कुंचला दोन शिखरांमध्ये टेकवायचा, त्यासाठी केलेला. “परत आलो की घेईन,” एवढंच तो म्हणाला.

“अहो, वापरा की!” मी म्हणायची.

“आपलं नव्हे ते.” विषय संपला.

पण येणारा-जाणारा डोंगर उचलून बघायचा आणि सरांचा जीव खाली-वर व्हायचा. शेवटी त्यांनी शक्कल लढवली. डोंगर नेऊन ठेवला देव्हाऱ्यात! “आता बघू कोण हात लावतंय!” सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, आधी नाक मुरडलं. मग एक दिवस गोवर्धन म्हणून फूल वाहिलं, आणि पुढे रोजच वाहू लागल्या.

एका दिवाळीच्या तोंडावर सर पेपर तपासायला ठाण्याला गेलेले. देव घासताना काकूंच्या हातून डोंगर निसटला आणि एका शिखराचा टवका उडाला. खंडित देव घरात ठेवायचा नसतो. रडत रडत, हळदकुंकू वाहून त्यांनी तो मोठागावच्या खाडीत सोडला.

“अगं, देव नव्हता गं तो!” सर संध्याकाळी ओरडले.

“मग देवात कोणी ठेवला?”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पँट दुमडून सर चिखलात उतरले. होडीवरचा कोळी म्हणाला, “मास्तर, वर या. खारीच्या पान्यान गेलेला नाय गावायचा.”

तेव्हापासून बेल वाजली की सर आतल्या खोलीत जायचे. मला इतकं वाईट वाटायचं, की मी बेल वाजवणंच सोडलं. कडी वाजवून ओरडायची, “मीच आहे हो, सर!”

शेवटच्या आजारात सर पलंगावर पडूनच असत. एकदा मी बसलेली असताना बेल वाजली. सरांचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. “बसव त्याला,” ते काकूंना म्हणाले. “मीच सांगतो.”

दारात गॅसवाला होता. काकूंनी त्यालाच खुर्ची दिली. सरांनी त्याच्यापुढे हात जोडले.

“चूक माझी आहे. हिला काही बोलू नकोस.”

गॅसवाला काय समजला देव जाणे. टोपी काढून म्हणाला, “असू दे, सर.”