वाघाऐवजी य

आमच्या विद्यापीठातल्या चर्चामंडळाची बैठक त्या वर्षी आलापल्लीच्या डाकबंगल्यात भरली. गणितवाले, प्राणिशास्त्रवाले, भूगोलवाले मिळून जंगलाचं समीकरण मांडत होते: हरणं वाढली की वाघ वाढतात, वाघ वाढले की हरणं घटतात. फळ्यावर हरणांना आम्ही 'क्ष' केलं होतं, वाघ मात्र वाघच होता.

ऐकायला चांद्याचे एक मास्तर आले होते. कोणी 'वाघ' म्हटलं की ते चटकन खिडकीबाहेर पाहत आणि डोक्यावरची टोपी चाचपत. दुपारपर्यंत टोपीची कड घामाने भिजली. शेवटी ते उठले, तळहाताने फळ्यावरचा 'वाघ' पुसला आणि तिथे 'य' लिहिला.

"आता बोला, सर. जंगलात त्याचं नाव नाई घेत. घेतलं का तो येते."

आमचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पोट धरून हसले. मास्तर हसले नाहीत, खडूचा हात धोतराला पुसत राहिले.

परतताना उन्हं कलली आणि आमची जीप सागाच्या जंगलात बंद पडली. डाव्या अंगाला पाचोळा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, जरा जवळून. प्राध्यापकांनी माझा दंड घट्ट धरला आणि अगदी हळू विचारलं, "य नसेल ना?"