मांडवातलं गरम बॉनेट

जुनी गाडी बघायला जाताना आधी फोन करू नये, एवढं आमच्या गाडीने मला शिकवलं. त्यापलीकडे तिने आमच्यासाठी काहीही केलं नाही.

तलासरीला माझी आत्या अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर म्हणाले होते, भेटून घ्या. बाबांचे गुडघे एसटीची पायरी चढू देईनात आणि बहिणीला बघायचा त्यांचा हट्ट सुटेना. मलाही जायचंच होतं. आई गेल्यावर मला आत्यानेच वाढवलं.

"भाड्याची गाडी करा आणि आजच जा," बायको म्हणाली.

"बाबा आपल्या गाडीतून जातील!" मी म्हणालो. (घरात सायकलसुद्धा नव्हती.)

बोर्डीला एका गुजराती शेठची जुनी गाडी विकायची होती. कुणाकडे न कळवता जायची आमच्यात रीत नाही. म्हणून बायकोला घेऊन निघताना मी फोन केला, वर वाडीतल्या चिकूंची पेटीही नेली. शेठ खूश झाले. "बेसो ने, चाय पियो!" गाडी मांडवात, धुऊनपुसून उभी.

चिकू कसा बघायचा ते आम्हाला उपजत कळतं. दाबायचा आणि हुंगायचा. मी गाडीही तशीच बघितली. टायर दाबले, घट्ट लागले. आत डोकं घालून वास घेतला, अगरबत्तीचा आला. बायकोने मात्र बॉनेटवर हात ठेवला.

"अहो, हे गरम आहे. आत्ताच चालवून ठेवलीय. थंड असताना चालू होते का, ते बघायला हवं."

"ऊन केवढं आहे!"

"गाडी मांडवात आहे."

"काकी, तमारे माटेच जरा फिरवून आणली," शेठ म्हणाले. आमच्यासाठी म्हणून फिरवून आणली, मला तो पाहुणचार वाटला! बायकोने इंजिन ऑइलचं झाकण उघडलं. आत दुधाच्या चहासारखा फेस. मी म्हटलं, "बघ, ऑइल किती गोरं आहे." चालवून बघितली तर मागून निळा धूर येत होता, स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. डावीकडे समुद्र आहे, तिला हवा आवडत असेल, असं म्हणून मी गाडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसले. नारळ फुटला, गाडी चालू झाली नाही. शेजाऱ्यांनी ढकलत वेशीपर्यंत नेली, तेव्हा खोकत निघाली. चारोटीला पोचेपर्यंत इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. गॅरेजवाला म्हणाला, "हेड गॅसकेट गेलंय. ऑइलमध्ये पाणी शिरलंय. घेताना झाकण उघडलं नव्हतं?"

बाबा हॉटेलच्या बाकड्यावर बसून फक्त तलासरीच्या रस्त्याकडे बघत होते. मला रडू येत होतं.

तेवढ्यात आमच्याच वाडीतले चिकू घेऊन वापीला निघालेला टेम्पो थांबला. (तो रोज आत्याच्या दारावरून जातो!) ड्रायव्हरने बाबांना अलगद उचलून पुढे बसवलं.

"दिन्या, तूपण चल," बाबा म्हणाले. "मागे पेट्यांवर बस."

"आणि गाडी? कुणी टायर काढून नेले तर?"

मी राहिलो. जी गाडी वेशीपर्यंत ढकलल्याशिवाय चालू होत नव्हती, तिची दिवसभर राखण करत बसलो.

बाबांना बहीण भेटली. दुपारभर तिचा हात धरून बसले. संध्याकाळी ती गेली. मी एसटीने पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

"तुझी आठवण काढत होती," बाबा म्हणाले. "दिन्या कुठाय, दिन्या कुठाय, सारखं विचारत होती."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, गाडी सांभाळतोय. हसली. म्हणाली, मग चांगलीच भारी गाडी घेतलेली दिसतेय पोराने!"