दुसऱ्यांदा खोललेला कार्बोरेटर

मंगळवार पेठेत लालासाब मिस्त्रीकडं गाडी नेली की काय बिघडलंय ते सांगावं लागायचं नाही. गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाला असतानाच तो आतनं ओरडायचा, "चेन सैल हाय बघ तुझी!" नाहीतर, "टॅपेट वाजतंय की!" पस्तीस वर्षं त्यानं कानावर धंदा केला. कार्बोरेटर लावायचा तो डोळे मिटून, नुसत्या आवाजावर, आणि त्यानं लावलेली गाडी सहसा माघारी यायची नाही.

तेच कान गेल्या तीन वर्षांत उतरत चालले होते. ट्रक, ढोल, पुरुषमाणसाचं जाड बोलणं ऐकू यायचं. पण कुकरची शिट्टी, फोनची घंटी, बायकांचा बारीक आवाज पातळ होत होत विरून जायचा. हे एकट्या रोशनबीला, त्याच्या बायकोला, माहीत होतं. बाहेर तो समोरच्याच्या ओठांकडं बघून निभावून न्यायचा. अगदीच कळलं नाही, तर "व्हय व्हय, हुतंय की" म्हणायचा. एवढ्यावर बरंच भागत होतं.

मार्चमध्ये एका सकाळी शेडसमोर छोटा टेम्पो थांबला आणि त्यातनं एक शंभर सीसीची मोटारसायकल उतरली. मागोमाग तिची मालकीण. तेजस्वी नाव, उचगावची, शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवरच्या लोकांची सुपरवायझर. पहिल्या नोकरीत असताना तिनं ही गाडी जुनी म्हणून घेतली होती. मग पुण्याला बदली झाली, आणि गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली गेली ती पाच वर्षांनी तेजस्वी परत येईपर्यंत तिथंच राहिली.

"दोघांना दाखवली चाचा. एकजण म्हणतोय कार्बोरेटरच टाकून द्या, नवा बसवा. दुसरा म्हणतोय गाडीच भंगारात घाला."

"आन तू काय म्हणत्यास?"

"मी म्हणत्ये चालू करायची. हीच."

लालासाबला तिचं बोलणं अर्धं ऐकू आलं, अर्धं ओठांवरनं कळलं. पण शेवटचा शब्द नीट पोचला. त्यानं मान डोलावली.

टाकीचं झाकण काढलं तसा जुन्या व्हार्निशसारखा उग्र वास आला. पेट्रोल चहाच्या रंगाचं झालं होतं. ते सगळं काढून त्यानं टाकी धुतली, कार्बोरेटर उतरवला, खालची वाटी खोलली. आत पिवळट चिकट थर, डिंक वाळून बसावा तसा. पेट्रोल उडून गेलं होतं आणि त्याचा गाळ मागं राहिला होता. तरंगणारा फ्लोट जागेवर चिकटलेला. पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं जेट तर पूर्ण बुजलेलं. त्यानं पितळी तुकडे क्लीनरमध्ये भिजत घातले, दुसऱ्या दिवशी विजेच्या वायरीतला तांब्याचा एक धागा काढून जेटमधनं हळूच फिरवला, हवा मारली आणि जेट उन्हाकडं धरलं. सुईच्या टोकाएवढा उजेड पलीकडनं आला. तेव्हाच त्यानं ते बसवलं.

नवा प्लग, ताजं पेट्रोल. सातव्या किकेला गाडी सुरू झाली. तेजस्वीनं टाळीच वाजवली. मग जरा वाकून ती काहीतरी म्हणाली. लालासाब त्या वेळी स्क्रू फिरवत होता, तिच्या तोंडाकडं बघत नव्हता.

"व्हय व्हय, हुतंय की," तो म्हणाला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी तेजस्वी गाडी ढकलत शेडशी आली. तावडे हॉटेलच्या चौकात बंद पडली, तिथनं पायी. ओढणी घामानं चिकटलेली, हात काळे. गाडी स्टँडला लावून ती लालासाबच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"चाचा, चोक ओढून ठेवला की जागेवर चालत्ये. चोक सोडला की खोकत्ये आणि मरत्ये. आणि मी त्या दिवशीच म्हटलं होतं की, कुठंतरी सूं सूं असा आवाज येतोय! तुम्ही म्हणालात, हुतंय."

शेजारी पंक्चर काढणारा आकाराम हातातलं काम टाकून बघत होता. लालासाबच्या कानामागनं गरम झळ गेली. सूं सूं! मिस्त्रीच्या धंद्यातला पहिला धडा. जोडातनं फालतू हवा आत ओढली जात असली की असाच आवाज येतो. ज्या आवाजावर त्यानं शेकडो गाड्या पकडल्या, तो त्याच्या हाताखाली वाजत होता आणि गाडीची मालकीण त्याला तो सांगत होती.

"ठेवून जा," तो एवढंच म्हणाला. "उद्या ये."

रोशनबी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो स्टुलावर नुसता बसला होता. तिनं आकारामकडनं सगळं आधीच ऐकलं होतं. डबा उघडून तिनं त्याच्यापुढं भाकरी धरली आणि त्याला दिसेल असं सावकाश बोलली, "बंद करा आता शेड. न्हायतर सांगून टाका लोकांना. मधलं काय न्हाय."

"बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण येणार गं?"

"खोटं बोलणाऱ्याकडं तरी कोण येतंय?"

त्यानं भाकरी खाल्ली, हात धुतले, आणि तिच्याकडं न बघता पाना उचलला. "ही गाडी झाली की सांगतो. आधी हिला बरं करू दे. नुसतं ऐकू येत न्हाय म्हणून मला काम येत न्हाय, असं कुणी म्हणाय नको."

त्यानं कार्बोरेटर पुन्हा खोलला. पहिल्यापासनं. आधी संशय फ्लोटवर गेला. पेट्रोल कमी चढत असेल म्हणून त्यानं त्याची उंची मोजून नीट केली. गाडी सुरू केली, हवा अडवणारा चोक सोडला, मेली. जेट काढून पुन्हा उन्हाला धरलं. भोक स्वच्छ होतं. चिडून त्यानं रिकामा डबा लाथेनं सरकवला. रोशनबी तो उचलून बाजूला बसली, घरी गेली नाही.

मग त्यानं प्लग काढून बघितला. नवा प्लग तीन दिवसांत खडूसारखा पांढरा झाला होता. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर हवा जास्त होतीय. पेट्रोलची वाट तर त्यानं दोनदा साफ केली होती. उरली हवा.

पूर्वी असतं तर कान लावला असता आणि झालं असतं. आता त्यानं चोक ओढून गाडी चालू ठेवली आणि डावा तळहात टाकीवर सपाट ठेवला. इंजिनचा ठोका पत्र्यातनं हातात येत होता. धड, धड, मग एक ठोका चुकलेला, पुन्हा धड. उजव्या हाताच्या बोटावर त्यानं तेलाचा थेंब घेतला आणि एकेका जोडावर लावत गेला. एअर फिल्टरच्या नळीशी लावला; ठोका तसाच. कार्बोरेटरच्या झाकणाशी लावला, तसाच. मग कार्बोरेटर जिथं इंजिनला बसतो त्या जोडाच्या खालच्या अंगाला, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, बोट नेलं. तेल आत ओढलं गेलं, फट क्षणभर बुजली, आणि त्याच क्षणी डाव्या हाताखालचा ठोका सरळ झाला. चार-पाच ठोके एकसारखे. मग पुन्हा अडखळला.

"घावली!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की आकाराम टायर सोडून धावत आला.

जोडातली रबरी रिंग पाच वर्षांच्या उष्म्यानं वाळून बांगडीसारखी कडक झाली होती. पहिल्या वेळी त्यानं आतले तुकडे साफ केले आणि हीच जुनी रिंग पुन्हा बसवली होती. चूक कानाची नव्हती, घाईची होती, हे त्याला तिथंच कळलं आणि जास्त लागलं. नुसती रिंग बदलून तो थांबला नाही. काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यानं जोडाचं तोंड घासून घासून सपाट केलं, मग नवी रिंग बसवली आणि दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले.

दुसऱ्या दिवशी तेजस्वी आली, तेव्हा गाडीच्या सीटवर पाण्यानं भरलेला चहाचा काचेचा ग्लास ठेवलेला होता आणि गाडी चालू होती. चोक बंद. लालासाब पाण्याकडं बघत स्क्रू पाव-पाव आटा फिरवत होता. पाण्यावरच्या वेड्यावाकड्या लाटा हळूहळू गोल, बारीक, एकसारख्या होत गेल्या.

"हे काय चाचा?"

यावेळी त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग सरळ सांगून टाकलं. "ताई, मला बारीक आवाज ऐकू येत न्हाय. तीन वर्षं झाली. तू सूं सूं म्हणालीस ते मला कळलंच न्हाय, आन मी व्हय म्हणालो. चुकलं माझं. जुनी रिंगबी मीच ठेवलेली."

तेजस्वीला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही.

"मी ढकलत आले न्हवं का चाचा एवढ्या उन्हात," ती म्हणाली. मग तिनं त्याच्यासारखाच टाकीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. "आमच्या कारखान्यात बी म्हातारे ऑपरेटर अशीच बेरिंग बघत्यात. हात लावून. एवढा आवाज असतोय आत, कानाचा काय उपयोग?" आणि मग आवाज चढवून, "पण आधी सांगायचं ना! मी मोठ्यानं बोलले असते!"

आकाराम हसला. रोशनबीही हसली, पण पदरानं तोंड झाकून.

तेजस्वी रंकाळ्यापर्यंत चक्कर मारून आली, मध्ये दोन वेळा गाडी मुद्दाम बंद करून चालू केली. दोन्ही वेळा पहिल्या किकेला. त्या पावसाळाभर ती उचगाव ते शिरोली त्याच गाडीवर गेली.

लालासाबनं त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही, पण यंत्रानं बोलणं कळेल. यंत्र आलं. गिऱ्हाईक आलं की तो ते लावतो, आधीच सांगतो, "पावणं, जरा मोठ्यानं बोला, आन माझ्याकडं बघून बोला." दोन-तीन जुनी गिऱ्हाईकं दुसरीकडं गेली. बाकीची ओरडून बोलतात, आणि सगळ्या गल्लीला कुणाची गाडी कुठं अडली ते कळतं.

इंजिन चालू केलं की मात्र तो यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतो. त्यात सगळाच गोंगाट एकदम कानावर येतो, म्हणतो. मग डावा तळहात टाकीवर टेकवतो आणि आकारामकडं स्क्रूड्रायव्हर मागतो.