मालूताईंचा दोन कप्प्यांचा डबा

मालूताई गेल्याचा त्यांच्या लेकीचा फोन आला, तेव्हा मी नारळ खवत होते. त्यांच्याच डब्यात घालून द्यायच्या वड्यांसाठी. डबा माझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते. झोपेतच गेल्या म्हणे... खवलेला नारळ परातीत तसाच राहिला.

मालूताई पनवेलच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या, मी तिथेच ऑफिसात. त्या निवृत्त झाल्या आणि इकडे माझं हिमोग्लोबिन आठावर आलं. दोन पायऱ्या चढले की धाप लागायची. मग दर आठवड्याला त्यांचा स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा करंजाड्याला आमच्या घरी हजर. एकात अळिवाचे लाडू, दुसऱ्यात उसळ. वर दम, "लोहाच्या गोळीवर चहा ढोसलास तर बघ!" चहा सोडणं जिवावर यायचं, पण त्यांच्यापुढे कुणाची टाप?

एकदा तोच डबा पुढ्यात धरून त्यांनी मला शिकवणी दिली. "रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन असतं. तो हा डबा, दोन कप्प्यांत लोहाचे दोन कण. पेशीच्या दारात रिसेप्टर उभा असतो. तो डबा धरतो नि डब्यासकट आत जातो. आत जरा आंबट वातावरण, तिथे लोह सुटतं. मग रिसेप्टर पुन्हा दारात, नि डबा पुन्हा रक्तात, पुढच्या फेरीला."

"रिकामाच?" मी विचारलं.

"रिकामाच! पेशीला तुझ्यासारखा संकोच नसतो."

टोमणा मलाच होता. रिकामा डबा परत करायचा नाही, हे आईने अंगात मुरवलेलं. खरं तर चिमूटभर साखर घालून नेला असता तरी चाललं असतं. पण या खेपेला मला वड्याच करायच्या होत्या आणि प्रत्येक रविवारी काहीतरी आडवं यायचं. मालूताई फोनवर म्हणायच्या, "अगं, रिकामाच आण, पण ये." मी हसण्यावारी न्यायचे. त्याची टोचणी आता जात नाही.

गेल्या रविवारी डबा घेऊन गेले. रिकामाच. लेकीने तो हातात घेतला. मग म्हणाली, "मावशी, मी आईला सांगायचे, डबा मागून घे. तर म्हणायची, राहू दे तिच्याकडे... त्या निमित्ताने तरी येईल ती."

निघताना तिने डबा माझ्याच पिशवीत परत घातला. आता तो माझ्या ओट्यावर आहे. रविवारी पुन्हा जायचंय. वड्यांची वाट न बघता.