बोअरचं औषध

संगमनेरहून निघाले तेव्हा पिशवीत दोनच दिवसांचे कपडे होते. आगाशीला कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, कुंदाकडे जायचं, तिच्या गरोदर लेकीची, शिल्पाची, ओटी भरायची आणि परतायचं, एवढाच बेत होता.

दोन एसट्या बदलून विरार गाठलं. पुढे आगाशीच्या बसमधून मी घाईघाईने एक थांबा आधीच उतरले. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या आणि मधूनच नवी कोरी इमारत. फुलं तोडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना रस्ता विचारला, तर म्हणाल्या, "बावखलाच्या कडेकडेनं जा, बाय." बावखल (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं) मी पहिल्यांदाच पाहत होते. कडेकडेनं गेले ती पूर्ण वळसा घालून पुन्हा त्यांच्याच पुढ्यात उगवले! त्या पोट धरून हसल्या आणि घरापर्यंत सोडायला आल्या.

कुंदाने चहाबरोबर सुकेळी (वाळवलेली राजेळी केळी) दिली. ती इतकी गोड, की मी तीन खाल्ली. पाणी मागितलं, तर तिने विकतची बाटली पुढे केली. अंगणात विहीर असलेल्या घरात!

"विहिरीचं पानी चार दिवस झाले, पीत नाही," कुंदा म्हणाली. "बाजूला बोअर फोडतायत."

शेजारी इमारत उठत होती. तिचा बोअर कोरडा गेला, म्हणून प्रचंड दाबाने पाणी सोडून खालचा खडक तडकवणं चाललं होतं. त्या पाण्यात कामगार कसलंसं औषध मिसळत होते, आणि विहीर तिथून पंधरा पावलांवर. शिल्पा तर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली.

"तू केमिस्ट्रीची बाई. माझ्या पोरीने हे पानी प्यायचं का, एवढं सांग."

एवढंच ना, म्हणून मी ऐटीत कुंपणापलीकडे गेले. निळे कॅन रांगेने ठेवलेले, एकावरही नाव नाही. कंत्राटदाराने खुर्ची दिली.

"यात काय आहे?"

"मॅडम, ते कंपनी नाय सांगत. त्यांचा फॉर्म्युला हाय. आपण नुसतं औषध बोलतो."

"विहिरीत आलं तर?"

"ते खाली जातं ना. बाजूला कशाला येईल?"

हे खडकाला कुणी सांगितलं, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. पण माणूस सभ्य होता आणि मी पाहुणी.

दुसऱ्या दिवशी बोअरची परवानगी देणाऱ्या कार्यालयात गेले. "बोअर कुठे मारायचा ते आम्ही बघतो, आत काय टाकतात ते नाही," असं म्हणत कारकुनाने पलीकडचं टेबल दाखवलं. त्या टेबलाने परत या टेबलाकडे पाठवलं. कोण चुकतंय हेच मला कळेना, कारण दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटत होते.

मग विहिरीचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. तिथली मुलगी पेन सरसावून म्हणाली, "काय शोधायचंय?"

"औषध."

"कुठलं? नाव दिलंत तर शोधता येईल. नाहीतर नेहमीची तपासणी करते, क्षार, जंतू वगैरे."

अहवालासाठी मुक्काम वाढवला, कुंदाच्या साड्या नेसले. चौथ्या दिवशी कागद हातात आला. पिण्यायोग्य! कुंदाने लगेच विहिरीवरून कळशी आणली आणि पेला भरून शिल्पापुढे धरला. मी तिचा हात धरला.

"कुंदा, यांनी ते औषध शोधलेलंच नाही."

"म्हणजे पान्यात आहे ते?"

"माहीत नाही."

"म्हणजे नाही?"

"तेही माहीत नाही गं."

कुंदा भडकली. "मग इतकी वर्षं पोरांना शिकवलंस तरी काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिल्पाने पेला आईच्या हातातून घेतला आणि मोरीत ओतला. "आई, टेन्शन नको घेऊ. मी डोंबिवलीला सासरीच जाते. तिकडे नळाला पाणी आहे." कुंदा आत जाऊन स्वतः शिवलेली दुपटी लेकीच्या बॅगेत भरू लागली.

सकाळी विरारच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो. वाड्या मागे पडल्या, तशी शिल्पा हळूच म्हणाली, "मावशी, आईला सांगू नका. तिला कळायच्या आधीपासूनच ते औषध टाकत होते. मी रोज तेच पाणी प्यायले. बाळाला काही होणार नाही ना?"

"काही होणार नाही," मी म्हणाले. क्षणाचाही विचार केला नाही. तिने सुटकेचा निःश्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. आगाशी कशी आहे, म्हणून सगळे विचारतात. हिरवीगार आहे, माणसं लाघवी आहेत, असं मी सांगते, आणि ते खरंच आहे. पण मी शिल्पाला काय सांगून बसले, ते कुणाला सांगितलेलं नाही. जन्मात कधी देवापुढे काही मागितलं नव्हतं. आता रोज सकाळी हात जोडते, की ते खोटं ठरू नये.